शिटी आणि संसार

आमच्या सीमाभागात नवा माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठले, हा पहिला. आणि तालीम कुठली, हा दुसरा. तिसरा प्रश्न भाषेचा, पण तो विचारावा लागत नाही. माणूस 'नमस्कार' म्हणतो की 'नमस्कार री' म्हणतो, यावरून तो आपोआप सुटतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या दाजींना, कोणी हे प्रश्न विचारले असते तर त्यांनी सांगितले असते : गाव बेळगाव, पेठ शहापूर; तालीम, जिथे खेळ चालू असेल ती; आणि भाषा घरात मराठी, मैदानावर समोरच्याची.

जानेवारी २०२२ मध्ये दाजी गेले. वय पंचाहत्तर. वर्तमानपत्रात कोपऱ्यात दोन ओळींची बातमी आली, तीही घरच्यांनी दिली म्हणून. ते कुठल्या राज्याकडून खेळलेले नव्हते. भिंतीवर टांगावे असे एकही प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नव्हते. टपाल खात्यातली कारकुनी, बायको, दोन मुली, एक मुलगा, वृद्ध आई आणि संध्याकाळचे दोन तास मैदान, एवढाच त्यांचा पसारा. अशा माणसावर दिवाळी अंकात काय लिहायचे, असे कोणी विचारील. पण खेळाडूंवर लिहिणारे पुष्कळ असतात. खेळ ज्यांच्या जिवावर गावोगाव चालतो त्या माणसांवर लिहायला सहसा कोणी बसत नाही. म्हणून हा प्रपंच.

१९७६ च्या वैशाखात आक्काचे लग्न झाले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमचे घर खानापूर तालुक्यात. आषाढात आक्का माहेरपणाला आली आणि तिला भेटायला म्हणून दाजी आले. आमच्याकडचा आषाढ म्हणजे चार चार दिवस सूर्य दिसायचा नाही. नवा जावई पहिल्यांदा मुक्कामाला, म्हणून आईने तळण काढलेले. पण जावयाचे लक्ष ताटात नव्हते, वडिलांच्या मर्फी रेडिओत होते. मॉन्ट्रियलला ऑलिंपिक चालू होते आणि ऑलिंपिकमधली हॉकी त्या वर्षी पहिल्यांदाच कृत्रिम गवतावर खेळली जात होती. आपला संघ त्यात सातवा आला. त्याआधीच्या वर्षी, १९७५ च्या मार्चमध्ये, क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकलेला तो आपलाच देश!

वडील हळहळले. दाजी मात्र मला समोर बसवून, ताटातल्या कापण्या मांडून समजावू लागले, "हे बघ पाव्हणं, गवतावर चेंडू उसळतो, अडतो. त्याला मनगटानं फिरवावं लागतं. आपली सगळी विद्या मनगटाची. आता त्यांनी गालिचा अंथरला. गालिच्यावर चेंडू सुसाट सुटतो. तिथं पाय आणि छाती पाहिजे. आणि आपल्या पोरांना सरावाला गालिचा कुठनं मिळणार?" पुढे अनेक वर्षांनी क्रीडासमीक्षकांचे लेख वाचले तेव्हा लक्षात आले, की पुस्तकांतून वाचलेले मला कापण्यांवरून आठव्या वर्षीच कळले होते.

हॉकी हे दाजींचे पहिले प्रेम. त्यात नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. त्यामुळे आमच्या शहराला कवायतीबरोबर हॉकीही मिळाली. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकांत भारताचे गोल राखणारे शंकर लक्ष्मण मूळ इंदूरजवळच्या महूचे. पण पलटण मराठा लाइट इन्फंट्रीच. म्हणजे दाजींच्या हिशेबी ते आमचेच. आणि १९६४ च्या संघात तर बेळगावचे बंडू पाटील होते. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोला अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानवर १-० असा विजय मिळवला आणि रोममध्ये गेलेले सुवर्णपदक परत आणले. दाजी तेव्हा अठरा वर्षांचे होते. रेडिओवर निकाल ऐकल्यावर गल्लीतली पोरे काठ्या घेऊन रस्त्यावर उतरली आणि रात्री दिव्याच्या खांबाखाली हॉकी खेळली, असे ते सांगत.

ते स्वतः बऱ्यापैकी खेळत. डाव्या बाजूने पळत आणि चांगले पळत, असे त्यांचे जुने सोबती मला सांगत आले आहेत. पण वडील अकाली गेले आणि पाठची दोन भावंडे होती. ज्या आठवड्यात जिल्हा संघाच्या निवडीचे सामने होते, नेमक्या त्याच आठवड्यात टपाल खात्याची मुलाखत आली. दाजी मुलाखतीला गेले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी विचारली म्हणून. आवाजात कढ नव्हता. "भावंडं भुकेली ठेवून पळणाऱ्याचा पाय रेघेवर पडतो रे," एवढेच म्हणाले.

आठवीपासून मी शिकायला बेळगावला आक्काकडे राहिलो. सात वर्षे राहिलो. म्हणून दाजींचा संसार मी पाहुण्याच्या नव्हे, घरच्या माणसाच्या नजरेने पाहिला आहे. खेळवेडा माणूस म्हटला की घराकडे दुर्लक्ष करणारा, पगार बाहेर उधळणारा, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. आक्काच्याही येत असावे. लग्न ठरले तेव्हा आमच्या एका मावशीने आईला सावधही केले होते. पण दाजींचा नेम निराळा होता. पहाटे पाचला उठायचे. नळाला दिवसाआड पाणी, ते भरायचे. बंब पेटवायचा. मुलांच्या आंघोळी त्यांच्याकडे, आईची औषधे त्यांच्याकडे, रविवारी गिरणीत दळणही त्यांच्याकडेच. मग सायकलवरून कचेरी. साडेपाचला कचेरी सुटली की तडक मैदान. साडेसातला परत येताना गणपत गल्लीतून भाजी. भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीशेजारी फक्कीची पुडी हमखास असायची, कारण मैदानाची आखणी त्यांच्याशिवाय कोणाला सरळ जमत नसे.

"तुझ्या दाजींना दोन बायका," आक्का मला म्हणायची. "एक मी आणि दुसरी ती फक्कीची रेघ. माझ्याशी बोलताना लक्ष असेल-नसेल, तिच्यावरची नजर कधी हलायची नाही."

"अगं, रेघ उलट बोलत नाही," दाजी म्हणायचे, आणि आक्का हातातले लाटणे उगारायची.

खेळावर खर्च महिन्याला दहा रुपये, असा त्यांनीच घातलेला दंडक होता. विडी, तंबाखू, चहाचे हॉटेल यांतले काही नसल्यामुळे ते दहा रुपये आक्कालाही खुपत नसत. त्यातून कोणाच्या गुडघ्याला लावायचे औषध येई, कोणा गरीब पोराच्या स्पर्धेची प्रवेश फी भरली जाई. स्वतःची मुले आणि मी असे सगळे जण मैदानाच्या कडेला दप्तरे घेऊन बसत असू. गृहपाठ झाला की खेळायला उतरायचे, ही अट. पाढ्यात अडलो तर दाजी शिटी तोंडातून काढून उत्तर सांगत आणि पुन्हा सामन्यात लक्ष घालत.

हॉकीचे सामने कमी होत गेले तसे दाजी कबड्डी आणि खो-खोकडे वळले. पंचाची परीक्षा दिली. कुस्तीचे तर वेड होतेच. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असले की मला पुढे घेऊन जात. आखाड्याच्या कडेला बसून त्यांनी मला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. दाजींना पदकापेक्षा हा गहाणखताचा भाग सांगायला अधिक आवडे. "पदक खाशाबांनी आणलं हे सगळ्यांना ठाऊक असतं," ते म्हणत. "पण घराची कागदपत्रं देताना त्या प्राचार्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, ह्याचा विचार कर." पुढे मी शिक्षक झालो, मग मुख्याध्यापक झालो. त्या गोष्टीचा विचार मी आजही करतो.

१९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानकडून ७-१ असे हरलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर जो तो आपल्या गोलरक्षकाला शिव्या घालत होता. पैसे खाल्ले, फितूर झाला, इथपर्यंत मजल गेली. दाजी ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सात गोल एकट्या गोलकीपरनं खाल्ले काय? चेंडू त्याच्यापर्यंत येईतोवर बाकीचे दहा जण काय टाळ कुटत होते? हरल्यावर एक माणूस धरून त्याच्यावर सगळं ढकलणं सोपं असतंय, बघ." चार वर्षांनी त्यांच्यावरच तशी वेळ येणार होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

१९८६ साल आमच्या पिढीतल्या सीमावासीयांना सांगावे लागत नाही. कन्नडसक्तीविरुद्ध जूनमध्ये आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे गेली. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांच्या माणसांनी एकमेकांकडे पाहायचे टाळावे, असे ते दिवस होते. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागात खुल्या कबड्डी स्पर्धा झाल्या. मैदानाभोवती ट्यूबलाइटच्या माळा, मातीवर पाण्याचा शिडकावा, ढाल मांडलेले टेबल. अंतिम सामन्याला एका बाजूला आमच्याकडचे मराठी मंडळ आणि दुसऱ्या बाजूला लांबच्या तालुक्यातल्या कन्नड खेड्यातला संघ. सामना लावूच नये, असे काहींनी सुचवले होते. पण संयोजकांनी लावला. पंचांमध्ये दाजी होते. मी शेवटच्या रांगेत एका दगडावर उभा होतो.

सामना बरोबरीत चाललेला. शेवटची चढाई आमच्या पोराची. त्याने आत घुसून कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावला, अंगावर आलेल्या दोघांना चुकवून उसळी घेतली आणि मध्यरेषा गाठली. सारे मैदान उभे राहिले. टोप्या उडाल्या. आणि त्या गदारोळात शिटी वाजली. दाजींचा हात वर होता. उसळी घेताना चढाई करणाऱ्याची टाच मागच्या अंतिम रेषेबाहेर पडली होती. तो बाद. गुण समोरच्यांना. सरपंचांनी दाजींकडे पुन्हा एकदा पाहिले. दाजींनी रेषेकडे बोट दाखवले. एका गुणाने सामना गेला.

पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. टेबल उलथले. कोणीतरी दाजींच्या सदऱ्याला हात घातला. 'फितूर' हा शब्द मी त्या रात्री आपल्या माणसासाठी पहिल्यांदा ऐकला. जुन्या खेळाडूंनी दाजींना मधे घेऊन बाहेर काढले. सायकल सापडली तेव्हा तिची दोन्ही चाके चेमटलेली होती. ती खांद्यावर टाकून आम्ही दोघे अडीच मैल चालत आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "तुझी उद्या परीक्षा नाही ना रे?"

खरा त्रास दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. दारावर कोळशाने काहीतरी लिहिलेले सापडले. आक्काने ते मुले उठायच्या आत पुसले. थोरल्या भाचीला शाळेत मैत्रिणींनी डिवचले. संक्रांत आली, तेव्हा शेजारच्या तीन घरांतून आक्काला हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. बाईमाणसाला हे किती लागते ते मी सांगायला नको. त्या रात्री आक्काचा बांध फुटला.

"एक टाच इकडे तिकडे झाली असती तर कुणाचं काय बिघडत होतं?" ती म्हणाली. "आपली माणसं गेली, अजून अश्रू वाळले नाहीत. सरकार रोज आपल्यावर अन्याय करतंय, ते चालतंय होय?"

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सरकारनं केलेला अन्याय मी त्या पोरांकडनं वसूल करू? दिवसभर उसाची तोड करून, ट्रकमधनं येऊन खेळली ती पोरं. त्यांनी कुणावर गोळी झाडली?"

"मग लोकांना काय सांगायचं?"

"सांग की टाच बाहेर होती."

आक्काचे समाधान झाले नाही. होण्यासारखे नव्हतेच. नवऱ्याचा न्याय खरा असला तरी त्याची किंमत तिच्या उंबऱ्यावर वसूल होत होती. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी कचेरीतून थेट घरी आले. मैदानावर गेले नाहीत. सात वर्षांत मी पाहिलेली ती पहिली संध्याकाळ. चौथ्या दिवशी साडेपाचला आक्कानेच फक्कीची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जा, नेऊन दे त्यांना. घरी बसले तर लोक म्हणतील, खरंच काहीतरी केलं असेल."

महिन्याभराने त्या कन्नड संघाचे प्रशिक्षक पत्नीला घेऊन घरी आले. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. हातात पेढ्यांचा पुडा. दाजींनी चहा पाजला, पण पुडा परत केला. त्यांच्याशी ते कन्नडमध्येच बोलले. मला समजत होते. "पेढे घेतले तर ज्यांनी मला फितूर म्हटलं ते खरे ठरतील. आणि पुढच्या खेपेला तुमच्याविरुद्ध शिटी वाजवीन, तेव्हा तुम्ही हे पेढे परत मागाल!" मास्तर आधी गोंधळले, मग मनापासून हसले. "आट अंद्र आट," दाजी म्हणाले. खेळ म्हणजे खेळ. आतल्या खोलीत मात्र आक्काने त्या बाईंना हळदीकुंकू लावले, ओटी भरली. तीन घरांनी जे राखून ठेवले होते ते तिने त्या परक्या बाईच्या कपाळी लावले. पुढे तिचे आणि त्या बाईंचे येणे-जाणे वाढले. ज्वारीच्या पातळ कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी आमच्या घरात त्या वाटेने आली, ती आजतागायत आहे.

पण म्हणून दाजी आपली बाजू विसरले, असे कोणी समजू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगावात १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. दाजी दर वर्षी दंडाला काळी फीत बांधून फेरीत जात. १९८७ च्या १ नोव्हेंबरलाही गेले. फेरीत एकाने खवचटपणे विचारले, "तुम्ही इकडं कसे?" दाजी म्हणाले, "तिथं मी पंच होतो. इथं मी मराठी माणूस आहे. दोन्ही ठिकाणी खरं तेच सांगायला आलोय." कचेरीत देवनागरी पत्त्यांची आणि कन्नड पत्त्यांची पाकिटे ते सारख्याच झपाट्याने लावत. पत्र ज्याचे त्याला पोहोचले पाहिजे, मग ते कुठल्या का लिपीत असेना, असा तो साधा हिशेब. तोच त्यांनी मैदानावर आणला होता.

पाच-सहा वर्षांनी तो चढाई करणारा पोरगा स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. पाया पडला आणि मान खाली घालून म्हणाला, "दाजी, त्या रात्री माझ्या टाचेला फक्की लागली होती. घरी गेल्यावर धुतली." दाजी म्हणाले, "फक्की लागली होती, हे मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक आहे, हे आज कळलं. लग्नाला येतो." ते गेले आणि जेवूनही आले.

थोरली भाची खो-खो खेळायची. खांबावरून वळण घेताना तिचा वेग पाहून मोठे मोठे प्रशिक्षक थांबत. लग्नाच्या वयाची झाली तशी स्थळे येऊ लागली. एक घर सगळ्यांना पसंत होते. मुलगा सरकारी नोकरीत, शेतीवाडी. बैठकीत वरपक्षाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी सहज सांगितल्यासारखे सांगितले, की मुलीने आता मैदानावर धावणे बंद करावे, चारचौघांत बरे दिसत नाही. आमच्याकडची सगळी मंडळी दाजींकडे पाहू लागली. दाजी भाचीकडे वळून म्हणाले, "बाळ, हा डाव तुझा आहे. खो तुला मिळालाय. उठायचं की बसायचं, तूच ठरव." तिने सरळ सांगितले, की खेळणे बंद होणार असेल तर हे लग्न नको. ते स्थळ गेले. आक्का आठ दिवस तोंडात शब्द नसल्यासारखी वावरत होती. पुढे दोन वर्षांनी चांगले घर मिळाले. जावई स्वतः कबड्डी खेळणारे. भाची आज क्रीडाशिक्षिका आहे.

२००६ मध्ये दाजी निवृत्त झाले. २०१६ मध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. ज्या हाताने तीस वर्षे बोट दाखवले तो हात मांडीवर पडून राहिला. त्या पाच-सहा वर्षांत संसाराचे उलटे पारडे मी पाहिले. पहाटे पाचला आता आक्का उठायची. दाजींची आंघोळ, दाजींचा घास. संध्याकाळी साडेपाचला ती त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची, तिथून मैदानाचा एक कोपरा दिसतो. तिचेही गुडघे दुखत असत. मी एकदा म्हटले, "आक्का, एक दिवस नाही नेलंस तर चालेल की." ती म्हणाली, "त्यांनी चाळीस वर्षं माझी भाजी चुकवली नाही. मी त्यांचं मैदान कसं चुकवू?"

५ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळी टोकियोचाच सामना होता. हॉकीच्या कांस्यपदकासाठी भारत विरुद्ध जर्मनी. मी मुद्दाम आदल्या रात्री मुक्कामाला गेलो होतो. भारत एका वेळी १-३ असा मागे होता. मग एकामागून एक गोल चढवत ५-४ वर आला. अगदी शेवटच्या क्षणी जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला. एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये आपल्याला हॉकीचे पदक मिळाले. श्रीजेश गोलच्या खांबावर चढून बसला. मी दाजींकडे पाहिले. डावा हात हळूहळू वर उचलत ते पडद्याकडे दाखवत होते आणि जड जिभेने एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "शंकर... शंकर..." नातवाला वाटले, आजोबा देवाचे नाव घेतात. मला आणि आक्काला कळले. ते महूच्या शंकर लक्ष्मणांना पाहत होते. १९६४ आणि २०२१ यांच्यामधली सत्तावन्न वर्षे त्यांच्या दृष्टीने तेवढ्यापुरती पुसली गेली होती.

पाच महिन्यांनी ते गेले. मागच्या दारी आक्काजवळ सगळ्यात आधी येऊन बसल्या त्या ते मास्तर होते त्यांच्या पत्नी. मास्तर त्यांच्या आधीच गेलेले. दोघी जणी एकमेकींच्या भाषेत बोलत होत्या. आक्का कन्नडमध्ये, त्या मराठीत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारत जिंकला. भाचीने तो सामना शाळेतल्या मुलींना घेऊन पाहिला. तिचा फोन आला, "मामा, बाबा पाहिजे होते." मी हो म्हटले.

मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे दर वर्षी जूनमध्ये पालकांचा एक आग्रह येतो. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास काढून तिथे गणित घ्या. पालकांची तळमळ खरी असते, मार्कांची स्पर्धाही खरी असते. मी त्यांना चहा देतो, समजावतो आणि तास काढत नाही. गणित शाळा सुटल्यावर जादा तासाला घेतो. मैदानावर एकदा शिटी वाजली की ती मान्य करायची असते, हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. डिसेंबरात आमचा मराठी शाळेचा संघ शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेशी कबड्डी खेळतो. गेली बारा वर्षे हा सामना चालू आहे. त्यात आम्ही सात वेळा हरलो आहोत. पंच तिसऱ्या गावचा बोलावतो, दोन्ही भाषा येणारा. फक्की मात्र सामन्याच्या दिवशी सकाळी दोन्ही शाळांची पोरे मिळून मारतात.